पागेची वाटणी

एकत्र राहण्याच्या गोडव्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु ते लिहिणारे बहुधा वेगळे राहत असावेत, असा आम्हांस संशय आहे. शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, आम्हां भावांची तीन बिऱ्हाडे एका आवारात नांदतात. चार घोड्या आणि त्यांची शिंगरे एवढाच आमचा पसारा. शेत वाटता येते, विहिरीच्या पाळ्या लावता येतात, चुली तर एका दिवसात वेगळ्या होतात. पण पहाटेची चंदी, दिवसाचा खरारा आणि रात्रीची फेरी यांची वाटणी कोणत्याही पंचास साधावयाची नाही.

२०१४ साली सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आम्ही पहिली घोडी आणली, तेव्हा एक छप्पर आणि काळी जमीन यांपलीकडे येथे काही नव्हते. ही माती कापसास मानवते, घोड्यास नाही. पावसाळ्यात तिचा चिखल होतो, आणि सतत ओलीत उभ्या राहणाऱ्या जनावराचे खूर मऊ पडून कुजू लागतात. म्हणून पहिली सुधारणा मुरमाची. जसा पैसा तसा मुरूम, अशा हिशेबाने उतार धरून जमीन चोपण्यास तीन उन्हाळे गेले. दुसरी सुधारणा पाण्याची. एका घोड्यास दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. ते बादल्यांनी वाहताना घरात जे शब्द उच्चारले जात, ते हौद बांधल्यावर आपोआप थांबले. तिसरी चाऱ्याच्या कोरड्या कोठीची. घोड्यास ओकता येत नाही. बुरसलेला चारा पोटात गेला की पोटशूळ उठतो, आणि तो जिवावर बेततो.

स्वयंपाकघराच्या गळक्या छपराचा क्रमांक अशा रीतीने चौथा लागला. “घोड्यांना कोरडे अंथरूण, आणि आमच्या चुलीवर धार!” असे थोरल्या वहिनी म्हणाल्या. धाकट्या जावेने घोड्यांची बाजू घेतली, आणि त्या दिवसापासून दोघींचे बोलणे बंद झाले. दिवाळीनंतर वाटणीचा कागद तयार झाला. घोड्या विकून येतील ते पैसे तिघांनी घ्यावेत, असे त्यात होते. एक घोडी गाभण असल्यामुळे मात्र सह्या लांबणीवर पडल्या. कारण घोडीचे दिवस भरण्यास सुमारे अकरा महिने लागतात.

घोड्या बहुधा रात्रीच वितात. फाल्गुनातल्या त्या रात्री वीज गेलेली होती. थोरल्या वहिनींनी कंदील धरला, धाकटीने शिंगराचे नाक पुसले. ते धडपडत उभे राहून आईच्या दुधास लागेपर्यंत कोणीही जागचे हलले नाही. नंतर धाकटी हळूच म्हणाली, “वहिनी, चहा ठेवते.” वहिनी म्हणाल्या, “आले घाल थोडे.” याहून अधिक समेट आमच्या घरात झाला नाही.

मृगापूर्वी स्वयंपाकघरावर नवे पत्रे पडले. वाटणीचा कागद अजून कपाटात आहे. त्यावर सह्या झाल्या नाहीत, आणि तो कोणी फाडलाही नाही. माणसे केवळ मायेच्या बळावर एकत्र राहतात, असे आम्ही आता म्हणत नाही. वेळेवर करावयाचे एखादे सामाईक काम असले, म्हणजे मायेलाही सवड मिळते. यंदा कुंपणाची पाळी आहे. ते दगडी असावे की लाकडी, याविषयी मतभेद सुरू झाले आहेत.