लक्झेंबर्गची फुकट ट्राम आणि युरोची गोष्ट

लक्झेंबर्ग शहरात स्टेशनबाहेर ट्राममध्ये चढताना तिकीट खिडकी शोधत बसू नका. मार्च २०२० पासून या देशात बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, पर्यटकांनासुद्धा. तरी पहिले दोन स्टॉप आपल्याला टीसीची भीती वाटतेच! देश केवढा? २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षाही लहान. लोकसंख्या सात लाखांच्या आसपास. मग एवढा पैसा आला कुठून?

ट्रामच्या खिडकीतून बाहेर बघत राहा. अव्हेन्यू द ला लिबर्ते या रस्त्यावर राजवाड्यासारखी एक इमारत लागते. ती राजाची नाही, आर्बेद नावाच्या पोलाद कंपनीची होती. देशाच्या दक्षिणेकडच्या लाल मातीत लोहखनिज सापडलं आणि त्यावर इथल्या कित्येक पिढ्या जगल्या. १९७० च्या दशकात पोलादावर मंदी आली आणि भट्ट्या विझू लागल्या. आर्बेद पुढे आर्सेलर कंपनीत गेली आणि आर्सेलर २००६ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीत. आर्सेलरमित्तलचं मुख्यालय आजही याच शहरात आहे. ही जुनी इमारत मात्र आता सरकारी बचत बँकेची आहे. पोलाद गेलं, बँक आली!

ॲडॉल्फ पुलावर दोन्ही बाजूंना खोल हिरवी दरी दिसते. फोटो काढून घ्या, कारण पुढचा बुलव्हार रॉयाल हा बँकांचा रस्ता फोटोच्या दृष्टीने तसा कंटाळवाणा आहे. गोष्ट मात्र इथेच आहे. १९६३ मध्ये इटलीच्या महामार्ग कंपनीने दीड कोटी डॉलरचे रोखे काढले. युरोपात डॉलरमध्ये काढलेले हे पहिले ‘युरोबाँड’. त्यांची नोंदणी झाली लक्झेंबर्गच्या शेअर बाजारात. त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी रोख्यांवर कर लावायचं ठरवलं, त्यामुळे असे व्यवहार युरोपकडे वळले आणि सोपे नियम असलेल्या या छोट्या देशाचं नशीब उघडलं. १९९२ मध्ये रिलायन्सने परदेशातून भांडवल उभं केलं, तेव्हा त्याची नोंदणीही इथेच झाली होती. आज गुंतवणूक फंडांचं हे युरोपातलं सर्वात मोठं केंद्र आहे. सगळंच कौतुकाचं नाही. बड्या कंपन्यांना इथे करात किती सवलत मिळते, याची कागदपत्रं २०१४ मध्ये फुटली आणि बरीच नाचक्की झाली.

याच रस्त्यावर दोन नंबरला देशाची मध्यवर्ती बँक आहे. इथे उतरून जरा थांबा. एवढ्या बँकांच्या देशाला स्वतःची मध्यवर्ती बँक मिळाली केव्हा, ठाऊक आहे? १९९८ मध्ये!

आधी हा देश जर्मन जकात संघात होता. पहिल्या महायुद्धानंतर त्याने बेल्जियमशी आर्थिक संघ केला, तो १९२२ पासून चालू झाला. लक्झेंबर्गचा फ्रँक बेल्जियमच्या फ्रँकला बांधलेला, बेल्जियमच्या नोटा इथे सर्रास चालायच्या आणि मोठे निर्णय ब्रसेल्समध्ये व्हायचे. समजा, शेजाऱ्याबरोबर तुमचं जॉइंट खातं आहे आणि चेकबुक त्याच्या कपाटात आहे. तसंच काहीसं. फेब्रुवारी १९८२ मध्ये बेल्जियमने फ्रँकचं मूल्य साडेआठ टक्क्यांनी घटवलं. लक्झेंबर्गला धड विचारलंही नाही. खातं एकच, त्यामुळे इथल्या लोकांच्या बचतीचंही मूल्य घटलं आणि जर्मनीहून येणारा माल महागला. देश चिडला आणि पुढच्याच वर्षी त्याने स्वतःची चलनसंस्था स्थापन केली.

तेव्हा पंतप्रधान होते पिएर वर्नर. बारा वर्षांपूर्वी, १९७० मध्ये, युरोपला दहा वर्षांत एका चलनाकडे कसं नेता येईल याचा आराखडा त्यांच्याच समितीने दिला होता. १९७१ मध्ये डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तुटलं, १९७३ मध्ये तेल भडकलं आणि आराखडा बारगळला. तरी कल्पना मेली नाही. १९९२ चा मास्ट्रिख्ट करार झाला, १९९९ मध्ये युरो आला आणि १ जानेवारी २००२ ला नोटा लोकांच्या हातात पडल्या. एका युरोला ४०.३३९९ फ्रँक असा दर ठरला. वर्नर त्याच वर्षी जूनमध्ये वारले. म्हणजे खिशात युरो घेऊन फिरायला त्यांना जेमतेम सहा महिने मिळाले.

युरोमुळे मार्क जाणार म्हणून कित्येक जर्मन हळहळत होते. लक्झेंबर्गकडे गमावण्यासारखं फारसं नव्हतंच. मला तर वाटतं, त्याने मिळवलंच. आज त्याचा गव्हर्नर युरोपीय मध्यवर्ती बँकेत जर्मनीच्या गव्हर्नरबरोबर एकाच टेबलावर बसतो.

आता पुन्हा ट्राम पकडा. लाल पूल ओलांडला की किर्शबर्ग येतं. युरोपीय गुंतवणूक बँक आणि युरोपीय न्यायालय इथेच आहे. काचेच्या इमारती बघून कंटाळलात तर फ्युनिक्युलरने खाली फाफेनथालला उतरा. तीही फुकट. तिथून आल्झेट नदीच्या काठाने चालत निघा. वाटेत क्लॉसेन लागतं, युरोपीय एकीकरणाचे एक शिल्पकार रॉबर्ट शुमान यांचं जन्मगाव. पुढे ग्रुंडमध्ये कॉफी प्या.

संध्याकाळी स्टेशनवर तुफान गर्दी असते. फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून दोन लाखांहून अधिक लोक या देशात नोकरीला येतात आणि घरी परत जातात, कारण इथली घरं परवडत नाहीत. तुम्हीही त्यांच्याबरोबर मेट्झ किंवा ट्रियरला जाणार असाल, तर सीमेपलीकडचं तिकीट काढायला विसरू नका. पैसे मात्र बदलावे लागणार नाहीत.