हिरवं ड्रेसिंग

एप्रिल म्हणजे आमच्याकडे मोहफुलांचे दिवस. झुंजुमुंजू व्हायच्या आधी माणसं टोपल्या घेऊन रानात शिरतात आणि अस्वलंही त्याच झाडांखाली येतात. मूल, सिंदेवाही, नागभीडच्या पट्ट्यात हे नेहमीचंच. वाघाने माणूस मारला की बातमी होते. अस्वलाने फाडलेला माणूस मुकाट वॉर्डात येऊन पडतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी सर्जिकल वॉर्डाला स्टाफ नर्स होते, तेव्हाची गोष्ट. टाळू आणि खांदा ओरबाडलेला, मांडी उघडी पडलेली, असा एक माणूस आला. धनुर्वाताचं, रेबीजचं इंजेक्शन, जखमा धुणं, टाके, सगळं वेळेत झालं. ताप उतरला, तो उठून बसला, वरणभात मागायला लागला. सुटीची भाषा सुरू झाली आणि मांडीची जखम बिघडली.

वास आधी त्याच्या बायकोला आला. "सिस्टर, मोहफुलं सडल्यावानी वास येऊन रायला," ती म्हणाली. पट्टी सोडली. वरचा गॉज कोरडा होता. आतल्या घडीला मात्र हिरवट-निळी झाक होती, आणि ती उचलताना बुळबुळीत थर सोबत ओढला गेला. जुन्या सिस्टर कल्चरच्या रिपोर्टची वाट बघत नसत, वासावरून आणि रंगावरूनच सांगत: सुडोमोनास. हा रंग तो जंतू स्वतःच तयार करतो. 1882 साली कार्ल गेसार या फ्रेंच माणसाने असल्याच रंगलेल्या पट्ट्यांवरून तो शोधून काढला होता.

घरच्यांच्या मते हे अस्वलाच्या नखातलं विष. ते अगदीच खुळं नव्हतं, कारण नखातोंडातले जंतूही जखम सडवतात; पण ते सहसा पहिल्या काही दिवसांतच डोकं वर काढतात. हे दुखणं आमच्याकडे आल्यावर लागलेलं होतं.

मला तेव्हा जास्त खटकलं ते वेगळंच. सुडोमोनास ओलाव्यात आणि मातीत कुठेही असतो. नाल्यात असतो, बोडीत असतो, रोवणीच्या चिखलात असतो. याच माणसाने अख्खा पावसाळा गुडघाभर चिखलात उभं राहून काढला असेल आणि त्याला काही झालं नसेल. धडधाकट माणसाची कातडी शाबूत असली की हा जंतू सहसा काही करू शकत नाही. कातडी फाटली, रक्त गेलं, अंगातली ताकद खचली आणि वरून अँटिबायोटिकने बाकीचे साधे जंतू मारून जागा मोकळी केली, की तो पसरतो. पुस्तकात याला संधीसाधू जंतू म्हणतात. संधी बहुतेक वेळा आम्ही देतो, हे वॉर्डात राहूनच कळतं.

लॅबच्या मॅडम वॉर्डात आल्या. सिंकच्या जाळीतून, कूलरच्या टाकीतून, ड्रेसिंग ट्रॉलीवरच्या सॅव्हलॉनच्या बाटलीतून त्यांनी नमुने घेतले. बाटलीचं नाव ऐकून सगळे हसले. जंतुनाशकात जंतू कसे? पण पाणी घालून पातळ केलेल्या सॅव्हलॉनमध्ये सुडोमोनास आरामात जगतो. बाटली अर्धी झाली की न धुता वरून भरायची, ही तिथली रूढ पद्धत. तळाला कधीचं पाणी आहे, कोणी सांगू शकत नव्हतं. चिमटा उभा ठेवायची बरणीही त्याच द्रावणाची. जंतू बाटलीतही निघाला, टाकीतही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करा म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील, त्यामुळे कूलर राहिले. टाकी मात्र रिकामी करून, घासून, वाळवून मग भरायला लागलो. बाटल्या रोज धुऊन निर्जंतुक व्हायला लागल्या.

जखमेवर उपाय काय, तर मेलेलं मांस काढणं आणि पातळ केलेल्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं ड्रेसिंग. म्हणजे व्हिनेगरचीच जात. रिपोर्टवर बऱ्याच औषधांपुढे 'आर' लिहून आलं होतं, म्हणजे ती चालणार नव्हती. एक महागडं इंजेक्शन चाललं. हळूहळू हिरवा रंग गेला, लाल दाणेदार मांस आलं, आणि मग मांडीवर कातडी लावली.

पुढे आयसीयूत बदली झाली आणि या जातीचे बाकीचे संधीसाधू जंतू भेटले. अ‍ॅसिनेटोबॅक्टर सुडोमोनाससारखा ओलाव्यावर अडून बसत नाही. कॉटच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणावर कोरडाठाक आठवडेच्या आठवडे तग धरतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस तर दर तीन माणसांमागे साधारण एकाच्या नाकातच असतो, त्यात आम्हीही आलो. ई. कोलाय आपल्या आतड्यात मुकाट नांदतो. लघवीच्या नळीतून मूत्राशयात चढला की थंडीताप आणतो. नळी आत राहील तसा लघवीत जंतू शिरण्याचा धोका दर दिवसाला 3 ते 7 टक्के वाढतो. आणि लघवीची पिशवी नातेवाईक पेशंटला हलवताना बिचारे पोटावर ठेवतात, म्हणजे सगळं उलटं आत. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

हात धुण्याचे फलक प्रत्येक बेसिनवर आहेत. रात्रपाळीला एकट्या सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो तेव्हा ती प्रत्येक पेशंटमागे हात धुवायला बेसिनपर्यंत जाऊन येईल, हे फलक लावणाऱ्यालाही खरं वाटत नसावं. स्पिरिटवालं हॅंडरब कॉटच्या पायाशी टांगलं तेव्हा कुठे फरक पडला. व्याख्यानांनी पडला नव्हता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने काय केलं, ते मला या सगळ्यात वारंवार आठवतं. त्यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: हात धुणं, बाळाला ऊब देणं, वजन करणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. मातीच्या घरात, चुलीशेजारी हे झालं. म्हणून वजनाने सावरलेल्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला "आता घरी नेऊ द्या" म्हणणारी आजी मला अडाणी वाटत नाही. तान्ह्यांच्या वॉर्डात क्लेबसिएला हा जंतू शिरला की काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

अस्वलाच्या त्या पेशंटला कातडी धरल्याबरोबर घरी सोडलं. पुढचं ड्रेसिंग गावच्या उपकेंद्रात झालं, उकळून वाळवलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या बायकोने स्वतः नेल्या होत्या.

आता राऊंडला डॉक्टर आले की औषधाच्या आधी मी नळ्यांचं विचारते. सलाईनची सुई कधीची, लघवीची नळी आज निघेल का, नाकातली रायल्स ट्यूब अजून कशाला. एक-दोघं वैतागतात. रेसिडेंट मुलं मात्र हल्ली मी तोंड उघडायच्या आधीच केसपेपरवर लिहून ठेवतात.