काचेपलीकडचा वाघ

छायाचित्रे काढण्याचा छंद मला फार दिवसांचा. फुले, पाखरे, मांजरे यांची चित्रे माझ्या संग्रही पुष्कळ होती. परंतु वाघाचे एक तरी चित्र आपण काढावे, ही हौस फिटली नव्हती. म्हणून २०२२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत कॅमेरा गळ्यात अडकवून मी मुंबईची राणीची बाग गाठली.

ही बाग १८६२ पासूनची. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचे आजचे नाव. २०२० साली छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून येथे वाघांची एक जोडी आणण्यात आली होती. त्यांना पाहण्यासाठी जाड काचेपुढे माणसांची दाटी झाली होती. पलीकडे सावलीत वाघ डोळे मिटून पहुडला होता. कोणी आरोळ्या ठोकत होते, कोणी काच वाजवत होते. सांगायला लाज वाटते. पण माझाही हात काचेकडे गेला.

तोच एक वृद्ध रखवालदार म्हणाला, "साहेब, काच वाजवू नका. जरा दम धरा. उन्हे उतरली, की तो आपणहून उठेल."

मी ओशाळलो. तोवर काढलेली चित्रे पाहू लागलो, तो काय! वाघाच्या पाठीवर माझाच चेहरा आणि मागच्या गर्दीचे रंगीबेरंगी कपडे! रखवालदार हसून म्हणाला, "कॅमेरा काचेला अगदी टेकवा, वरून हाताचा आडोसा करा. फ्लॅश मात्र लावू नका. त्याचा उजेड काचेवरून उलटतो आणि जनावरही बिथरते."

तासाभराने वाघ उठला. पुढचे पाय ताणून त्याने आळस दिला, पाण्याकडे चार पावले टाकली आणि क्षणभर थेट माझ्याकडे पाहिले. मी कळ दाबली. चित्रात काचेचा मागमूसही नव्हता. वाघ आणि हिरवे गवत, एवढेच!

घरी पुतणीने ते चित्र पाहिले. डोळे विस्फारून तिने विचारले, "काका, तुम्ही जंगलात गेला होतात? भीती नाही वाटली?" ताडोबाचे नाव माझ्या ओठांवर आले. मी ते उच्चारले नाही. पण खरेही सांगितले नाही. नुसता हसलो.

रात्री ते हसू मला टोचू लागले. चित्रातली काच मी नाहीशी केली होती. वाघापुढची काच मात्र होती तेथेच होती. सकाळी मी पुतणीला ते फसलेले चित्रही दाखवले आणि सारी हकीकत सांगितली. ती पुष्कळ वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, त्यालाही रोज एवढी माणसे दिसत असतील, नाही?"

मला उत्तर सुचले नाही. ती दोन्ही चित्रे मी वहीत शेजारी शेजारी चिकटवली आहेत.