मोहाचा पैसा, पत्त्याचा पैसा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलकाठच्या गावांत वाढलेल्या आमच्या पिढीने मायबाबांना पैशांवर बोलताना फारसं ऐकलं नाही. पण घरातला कोणता पैसा कोणाचा, हे आम्हा लेकरांना पाढ्यांसारखं पाठ होतं.

धानाचा पैसा बाबांचा. तो सोसायटीच्या कर्जात आणि पुढच्या हंगामाच्या बी-खतात जायचा. मोहफुलांचा पैसा मायचा. मार्च-एप्रिलमध्ये ती अंधारातच टोपली घेऊन निघायची. वाळलेली फुलं विकून तेल-मीठ यायचं, आमच्या वह्या यायच्या. कोंबड्यांचे पैसेही तिचेच. बाबांनी त्यांचा हिशेब कधी मागितला नाही.

तेंदूपत्ता मात्र दोघांचा. मे महिन्यात पहाटे तोडलेली पानं घरी आली, की सगळं घर पडवीत बसून पुडे बांधायचं, एका पुड्यात 70 पानं. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पत्ता खरेदीच्या जागी, मुंशी ते मोजून घ्यायचा. आज किती पुडे झाले हे लहान पोरालाही ठाऊक असे, त्यामुळे लपवायला जागाच नव्हती. पुडे बांधता बांधताच वर्षाचे बेत ठरत.

“अजी, यंदा कवेलू बदलवा लागते.”

“हो वो, पण आधी पोरीचं लगन.”

सगळ्याच घरांत असं सुख नव्हतं. फळीवरचे पैसे बहुधा पुरुषाच्या हाती पडत, आणि काही घरांत ते दारूच्या दुकानावरून उरले तेवढेच घरी येत. तिथे मायच्या मोहफुलांवर घर चालायचं. नवऱ्याशी जे घरात बोलता येत नव्हतं, ते गडचिरोलीच्या बाया सरकारशी बोलल्या. 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायांनीही तीच मागणी लावून धरली. तिथे 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. आमच्या मायांसाठी तो घरच्या पैशावरच्या हक्काचा लढा होता.

आता आमचे पगार आपापल्या खात्यांत जमा होतात. कोणी किती कमावलं, कुठे खर्च केलं, हे दुसऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. मायबाबांना एकमेकांचा घाम रोज डोळ्यांसमोर दिसे, म्हणून त्यांना एकमेकांच्या पैशाची कदर होती. आम्हाला ती कदर बोलूनच जपावी लागेल, आणि तेही लेकरांच्या देखत. पैशाची रीत आम्हीही तशीच, मोठ्यांमध्ये बसून शिकलो.