नाताळच्या जेवणाचा बेत

नाताळला ख्रिस्ती घरांत काय शिजते, असे कोणी विचारले की बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर येते : केक. हे उत्तर खोटे नव्हे. पण दिवाळीत काय करतात, या प्रश्नाला ‘चिवडा’ असे सांगण्याइतकेच ते अपुरे आहे. केक बाजारातही मिळतो. गृहिणीला खरी काळजी असते ती 25 डिसेंबरच्या दुपारच्या जेवणाची, आणि ती डिसेंबर उजाडण्यापूर्वीच सुरू होते.

या जेवणाचे एकच रूप आपल्या देशात नाही. केरळातील अनेक सीरियन ख्रिस्ती घरांत 1 डिसेंबरपासून मांसमासळी वर्ज्य असते आणि नाताळला हे व्रत सुटते ते अप्पम व नारळाच्या दुधातल्या इष्टूने. वसईकडे वर्षभराचा बाटलीतला मसाला बाहेर निघतो, आंबवलेल्या पिठाचे फुगे तळले जातात. माझे माहेर नगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य 1831 साली सुरू झाले. त्या परंपरेतल्या आमच्या घरांनी धर्म नवा घेतला, पण पोळपाट-लाटणे जुनेच ठेवले. म्हणून आमच्या नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळे, आणि जेवणाला मटणाचा रस्सा. सासर गोव्याचे. तिकडे करंजीला नेवरी म्हणतात, एवढ्यावरच मी लग्नानंतर सुखावले होते; पुढे सोरपोतेल पाहिले तेव्हा आपण खरोखर परक्या चुलीशी उभ्या आहोत, हे ध्यानी आले.

सोरपोतेल हे नाव पोर्तुगीजांकडून आले. डुकराचे मांस व काळीज अर्धवट उकडायचे, अगदी बारीक चिरायचे, स्वतःच्याच चरबीत परतायचे, आणि सुक्या मिरच्या, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी हे सारे शिरक्यात वाटून त्या मसाल्यात मंद आचेवर शिजवायचे. केल्या दिवशी ते कोणी खात नाही. रोज एकदा नीट ऊन करून ठेवले की शिरका मुरत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरी चव उतरते. म्हणजे 25 तारखेला वाढावयाचे तर 21 ला मांस घरात हवे. सोबत लागतात सान्ना. त्यांचे पीठ गोव्यात माडाच्या सुरेने फुगते. दिल्लीत आम्हांला यीस्टवर भागवावे लागते. शिवाय येथील डिसेंबरची थंडी अशी की पीठ फुगता फुगत नाही. पातेले घोंगडीत गुंडाळून ठेवावे लागते. बारा माणसे, माणशी 3 सान्ना धरल्या तरी 36 झाल्या.

येथवरचा हिशेब दरवर्षीचाच आहे. यंदा मात्र तो कागदावर मांडण्यापूर्वीच अडला. पावसाळ्यात माझे सासरे वारले. आमच्या सासरच्या गावची रीत अशी की दुखवट्याच्या वर्षी घरात गोडधोड करीत नाहीत. शेजारी ताटे भरून पाठवितात, ती घ्यायची, परतफेड करायची नाही. सासूबाईंनी नोव्हेंबरातच सांगून टाकले, “यंदा काही करायचे नाही.” मुले काही बोलली नाहीत, त्यांचे गप्प राहणेच मला अधिक जाणवले.

पण अडचण दुसरीच होती. गेल्या नाताळला सासऱ्यांनी जिन्यात उभे राहून आमच्या तिन्ही शेजाऱ्यांना शब्द दिला होता की, पुढच्या वर्षी सगळे आमच्याकडे जेवा. लखनौचे मुसलमान कुटुंब, जयपूरचे जैन दांपत्य आणि कोट्टयमहून आलेली परिचारिका. आता शब्द पाळावा तर दुखवटा मोडतो, दुखवटा पाळावा तर गेलेल्या माणसाचा शब्द मोडतो. मी आणि यजमान दोघेही या पेचात आठवडाभर होतो. सासूबाईंपुढे विषय काढण्याचे धैर्य अखेर माझ्या धाकट्या मुलाने केले. आजोबांनी बोलावलेल्यांना ‘येऊ नका’ असे कोण सांगणार, असे त्याने सरळ विचारले. सासूबाई बराच वेळ तांदूळ निवडीत राहिल्या. मग म्हणाल्या, “गोड करायचे नाही. जेवणाला कोणी नाही म्हटले?”

तेव्हा बेत असा ठरला. लखनौच्या मंडळींसाठी कोंबडीची शाकुती. कोंबडी त्यांना चालते त्या दुकानातून, आणि पातेले नवे. जैन दांपत्यासाठी सूर्यास्तापूर्वी पंगत उठेल अशा बेताने दुपारीच पाने मांडायची, आणि कांदा-लसणाशिवाय माझ्या माहेरची मासवडी करायची. येथे भाषांतरकाराचा व्यवसाय कामी आला. मासवडीत मासा नसतो, बेसनाच्या आवरणात तीळ-खोबऱ्याचे सारण असते, हे मला त्या बाईंना दोनदा पटवून द्यावे लागले. त्यांचा संशय मी समजू शकते. विंदालू या शब्दातला ‘आलू’ पाहून त्यात बटाटे घालणारी उपाहारगृहे याच शहरात आहेत. वस्तुतः तो शब्द पोर्तुगीज आहे. त्यात मद्य आहे, लसूण आहे, बटाटा नाही. गोडाचा भार कोट्टयमच्या बाईंनी आपण होऊन उचलला. केक त्यांच्याकडून येईल.

राहिले सोरपोतेल. त्याची चव दरवर्षी 23 तारखेला सासरे घेत आणि शिरका कमी की पुरेसा, हा निवाडा त्यांचाच असे. यंदा ते वगळावे, असे मी सुचविणार होते. पण काल संध्याकाळी सासूबाईंनी फडताळातून गोव्याच्या शिरक्याची बाटली काढली. ती सासऱ्यांनीच गेल्या उन्हाळ्यात आणलेली. बाटली खिडकीच्या उजेडात तिरपी धरून त्यांनी अंदाज घेतला, दीड वाटी असेल म्हणाल्या, आणि 21 ला मांस दोन किलोच आणावे, काळीज अर्ध्या किलोपेक्षा जास्त नको, असे मला बजावले.