भातसानगरचा मिस्त्री

मुंबईकराची आणि भातसाची ओळख जुनी, पण ती वर्तमानपत्रापुरती. जुलै उजाडला की सकाळच्या चहाबरोबर आपण तलावांचा तक्ता वाचतो आणि त्यात नजर ठरते ती भातसावर. कारण उघड आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर पाणी मावते. त्यांपैकी ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसात. म्हणजे आपल्या दर दोन तांब्यांतला जवळजवळ एक तांब्या तिथला! ज्याचे पाणी आपण प्यालो, त्याचे गाव एकदा तरी पाहावे, एवढ्याच इच्छेने मी यंदा दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर भातसानगरला गेलो. एका माजी विद्यार्थ्याचे घर त्या बाजूला आहे. त्याचे आमंत्रण तीन वर्षे पडून होते.

कसारा लोकलने आसनगावला उतरावे. स्टेशनातूनच माहुलीचे सुळके दिसतात. पुढे शहापूर, आणि शहापूरहून एस.टी. पाऊस नुकता सरला होता. दोन्ही बाजूंना भात पिवळे पडले होते, काही खाचरांत कापणी चालू होती. धरण आधी दिसत नाही. दिसते ती वसाहत. धरणाच्या कामासाठी वसलेले हे नगर, आणि नदीचेच नाव त्याला मिळाले. ८८ मीटरांहून उंच आणि ९५९ मीटर लांब असा तो बांध भातसा आणि चोरणा या नद्यांचे पाणी अडवून उभा आहे. तिथून सोडलेले पाणी नदीवाटे पिसे येथे जाते, तिथे उचलून पांजरापूरला शुद्ध होते आणि मग आपल्या नळाला येते. प्रवास मोठा, पण आपल्याला ठाऊक असते ती फक्त तोटी.

मी पाणी पाहायला गेलो होतो खरा, पण माझा सगळा दिवस गेला एका मिस्त्रीच्या पडवीत. त्याचे असे झाले. विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ जवळच्या एका फार्महाऊसवर कामाला आहे. पाहुण्यांना रानात फिरवण्यासाठी तिथे एक क्वाड आहे. क्वाड म्हणजे चार फुगीर चाकांची मोटारसायकल म्हणा ना. ती सकाळी लवकर सुरू होईना, तापली की बंद पडे, आणि चढ आला की तिचा दम जाई. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीचे पाहुणे येणार होते. मालकाने स्पष्ट सांगितले होते, गाडी चालली नाही तर दिवाळीनंतर कामावर येऊ नकोस. पोराचा चेहरा पाहवत नव्हता.

मिस्त्रीने गाडी ऐकली. पाहिली नाही, ऐकली. मग इंजिनाला हात लावून म्हणाला, "गरम आहे. गार झाल्याशिवाय मी हिला उघडणार नाही."

"पण आवाज तर काहीच नाही तिला," पोरगा म्हणाला. "पाहुणे उलट म्हणतात, किती शांत चालते!"

"तोच तर घोटाळा आहे," मिस्त्री म्हणाला.

इंजिन निवेपर्यंत तीन तास बसायचे होते. चहा आला. मिस्त्रीचे वडील धरणाच्या कामावर मजुरीला होते. १९८३ साली जलाशय भरत असताना खर्डीच्या बाजूला भूकंपाचे धक्के बसू लागले होते. सप्टेंबरातल्या मोठ्या धक्क्याच्या वेळी आजीने त्यांना अंगणात कसे ओढून नेले, हे वडिलांनी पुष्कळदा सांगितलेले. मग गोष्ट निघाली पाण्याची. तानसाही याच तालुक्यात, भातसाही याच तालुक्यात. आणि तरी उन्हाळा आला की इथल्या कित्येक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. विद्यार्थ्याची आई शेजारी तांदूळ निवडीत बसली होती. ती म्हणाली, "एप्रिलात या सर, म्हंजे दावते हंड्यांची रांग." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला तेच जड गेले.

दुपारी इंजिन निवले. मिस्त्रीने आधी ब्रशने सगळी धूळ झाडली. आत एक खडा गेला तरी नवे दुखणे. मग सीट आणि टाकी उतरवली, प्लग काढला आणि वरची दोन झाकणे उघडली. मी विचारीत होतो, तो सांगत होता, आणि वर्गात मी इतके सोपे करून कधी सांगितले असेन असे वाटत नाही.

इंजिनाला दोन जातींच्या झडपा असतात. एकीतून हवा आणि पेट्रोल आत येते, दुसरीतून जळका धूर बाहेर जातो. झडप उघडायला वर एक दांडी असते. ती दांडी आणि झडपेचा देठ यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. कशाला? तर लोखंड तापले की वाढते. फट नसेल तर तापलेला देठ दांडीला टेकतो आणि झडप पुरती मिटत नाही. मिटली नाही की जळता वायू तिच्या कडेने निसटतो. झडपेची उष्णता जाते ती मिटलेल्या क्षणी, बैठकीला टेकून. टेकायलाच मिळाले नाही तर ती जळून जाते.

"फट जास्त झाली तर?"

"मग टकटक वाजतं. मालक घाबरतो आणि गाडी घेऊन येतो. फट बुजली की आवाज येत नाही. आवाज नाही म्हणून कोणी येत नाही. आणि झडप जळते."

प्रश्न एवढाच होता की ती जळून गेली होती का. जळली असती तर इंजिनाचे डोके उतरवावे लागले असते, सुटा भाग शहरातून आणावा लागला असता, आणि पोराची नोकरी तोवर राहिली नसती. मिस्त्रीने पान्याने इंजिन हळूहळू फिरवून चाकावरची खूण खाचेसमोर आणली. दोन्ही दांड्या बोटाने हलवल्या. धुराकडची हलेना. "एक फेरा आणखी," म्हणून त्याने पुन्हा पुरता फेरा देऊन खूण जुळवली. कारण खूण दोनदा येते आणि दोन्ही झडपा मिटलेल्या असतात त्या एकदाच. तरीही ती दांडी हलेना. पत्र्याची सर्वांत पातळ पट्टीही आत शिरेना.

त्याने नट सैल केला, स्क्रू किंचित मागे घेतला, नेमक्या जाडीची पट्टी आत सरकवली. पुस्तकाच्या मिटल्या पानांतून कागद ओढावा तशी ती किंचित अडत बाहेर आली. मग एका हाताने स्क्रू धरून दुसऱ्याने नट आवळला आणि पट्टी पुन्हा घालून पाहिली, कारण आवळताना स्क्रू हमखास हलतो. पट्टी अडकली. पुन्हा सैल, पुन्हा आवळणे. तिसऱ्या खेपेला जमले.

सगळे जागेवर बसवून त्याने बटण दाबले. पहिल्या खेपेस इंजिन खोकले. दुसऱ्यांदा धरले, आणि आतून बारीक, एका लयीतली टिकटिक ऐकू आली. मिस्त्रीने डोळे मिटून ती ऐकली. "वाचली," तो म्हणाला. पोराने समोरच्या चढावर गाडी घातली. ती न थांबता वर गेली आणि वरून त्याने अशी आरोळी ठोकली की पडवीतली कोंबडी उडाली.

मजुरी त्याने बेताचीच घेतली. पैसे मोजून खिशात ठेवताना पोराला म्हणाला, "पावसाळ्याआधी परत आण."

"आवाज आला की आणतो," पोरगा म्हणाला.

"आवाज नसला तरी आण," मिस्त्री म्हणाला, आणि हात धुवायला गेला. त्यासाठी त्याने बादलीतून पाणी घेतले ते एक लहान तांब्याभर.