दोन फूट माती

दिवाळी जवळ आली, की आमच्या घरात पहिला प्रश्न फराळाचा नसतो, मातीचा असतो. नातवाला किल्ला करायचा असतो. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत तीन इमारती आहेत, फरसबंद अंगण आहे; माती तेवढी नाही! कुंड्यांत आहे, पण तिला हात लावला तर आमच्या सौभाग्यवती अफझलखानाहून उग्र होतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून दोन पोती लाल माती आणली. पैसे देताना नातवाने विचारले, ''आजोबा, माती विकत मिळते?''

मिळते. आणि विकताही येते. मी विकली आहे.

नांदेड जिल्ह्यातले भोकर हे आमचे गाव. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवरचे. गावाबाहेर आमचे तीन एकर वावर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा काळा पाषाण ऊनपावसाने झिजून ही माती झाली. तिचा इंचभर थर व्हायला शेकडो वर्षे लागतात म्हणे. आम्हां मुलांना मात्र ती पायांनी ठाऊक होती. मृगाच्या सरीनंतर वावरात शिरावे, तर एकेका पायाला शेर शेर चिखल चिकटे. चैत्रात तीच माती अशी भेगाळे, की कोपरापर्यंत हात आत जाई. माझी एक निळी गोटी अशाच भेगेत गेली ती गेलीच! वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडे, पाऊस आला की भेगा मिटत, आणि वरचे खाली, खालचे वर होई. वडील म्हणत, ''ही आपली आपणच नांगरते. आपण नुसते निमित्त.''

1972 च्या दुष्काळात आम्ही मिलो खात होतो. विहिरीचा तळ दिसत होता. आणि वडील उताराला आडवे बांध घालीत होते; पाऊस येईल तेव्हा माती वाहून जाऊ नये म्हणून!

1998 साली पुण्यात घर घेताना मला पैसे कमी पडले. वडील तोवर गेले होते. एका वीटभट्टीवाल्याचा निरोप आला : जमीन विकू नका, नुसती वरची दोन फूट माती द्या. मला हा सौदा फार शहाणपणाचा वाटला. सातबारा माझ्याच नावावर राहणार, तोशीस काही नाही! बांध फोडून ट्रॅक्टर आत शिरले. आमचे जुने सालगडी, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, धुऱ्यावर बसून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, ''भाऊ, लोक दूध इकतेत. तुमी गाईचं कातडं सोलून दिलं, अन् म्हन्ता गाय माजीच हाय.''

पुढच्या खरिपात कापूस गुडघ्याला लागला नाही. खाली मुरूम उघडा पडला होता. पडलेला पाऊस तासाभरात निघून जाई. खत वाढवले, तर तेही पाण्याबरोबर गेले. खत म्हणजे पाहुणा. घरच नाही, तर तो उतरणार कुठे? माझी गोटी एव्हाना कुठल्यातरी भिंतीत गेली असावी.

2017 साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. तलावातला गाळ काढून द्यायचा, तो वाहून शेतकऱ्याने न्यायचा. गाळ म्हणजे तरी काय? शिवाराशिवारातून पळून गेलेली मातीच. दोन उन्हाळे मी खेपा टाकल्या. माती विकून जे मिळाले होते, त्याहून अधिक नुसत्या वाहतुकीला गेले. शेणखत टाकले, बांध पुन्हा घातले. एवढे करून जेमतेम एक एकर झाकले गेले. काका ते पाहायला राहिले नव्हते. त्यांचा मुलगा ते वावर करतो. त्या एकरात ज्वारी त्याच्या खांद्याला लागते. उरलेल्या दोन एकरांत अजून कुसळेच आहेत.

गेल्या दिवाळीत किल्ल्यासाठी मी भोकरहून पिशवीभर काळी माती आणली. दोन दिवसांत बुरूज तडकले. नातू भेगेत बोट घालून गोटी शोधत बसला. भाऊबीजेनंतर झाडूवाला ढिगारा उचलायला आला, तर या पठ्ठ्याने त्याला हात लावू दिला नाही. मावळे वेगळे काढून, ढेकळे फोडून सगळी माती त्याने परत पिशवीत भरली.

उन्हाळ्यात ती पिशवी मी वावरात नेली. काकांचा मुलगा हसला. ''एवढ्यानं काय व्हतंय, भाऊ?'' म्हणाला. तरी मुरमाच्या बाजूला नेऊन, फावड्याने त्याने ती नीट पसरली.